रेस दिली की जाणारा दिवा: देवगडच्या एका जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचा हा ट्रॅक्टर. तीन सिलिंडर, पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास, वय तीस वर्षांच्या पुढे. तक्रार एका ओळीची होती: बॅटरी टिकत नाही. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, गेल्या हंगामात अल्टरनेटरही (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) नवा बसवला. तरी एप्रिल उजाडला की सकाळी चावी फिरवल्यावर सेल्फ ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. मालकांनी मला बोलावलं तेव्हा तिसरी बॅटरी घेण्याची तयारी झालीच होती. "दोन बॅटरे झाले, आता ही तिसरी," एवढंच ते म्हणाले, आणि नव्या बॅटरीचे पैसे कुठून काढायचे यावर घरात काय चाललं होतं ते मला मांगरापर्यंत (बागेतल्या शेडपर्यंत) ऐकू येत होतं.

मी गाड्यांचं वायरिंगचं काम करतो. ट्रॅक्टरच्या चार्जिंगची बहुतेक कामं माझ्याकडे उशिरा येतात आणि त्याला कारण आहे. मोटारगाडीचं चार्जिंग बंद झालं की ती रस्त्यातच बंद पडून कळवते. जुना डिझेल ट्रॅक्टर तसं करत नाही. त्याचा फ्युएल पंप यांत्रिक, बंद करायला ओढायची दोरी; एकदा सुरू झाला की त्याला विजेची गरजच नाही. बॅटरी काढून ठेवली तरी डायनामोवाला (अल्टरनेटरच्या आधीचं चार्जिंगचं यंत्र असलेला) ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत चालेल. त्यात आमच्याकडे उताराला तोटा नाही. संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावायचा, सकाळी ब्रेक सोडून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. याही घरी तेच चाललं होतं. बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं ते मग निघत नाही. दोन्ही बॅटऱ्या अशाच खचल्या होत्या. विकणाऱ्याची काही चूक नव्हती.

पावसात चालतो, आंब्यात मरतो

मीटर काढण्याआधी मी चालकाला विचारलं, हा त्रास नेमका कधी होतो? त्याचं उत्तर सरळ होतं. "पावसात कधी त्रास नाय. आंबे सुरू झाले की हेचा नाटक सुरू."

हे ऐकून मालक म्हणाले, उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी आटतं म्हणून होत असेल. ते खरं असू शकतं, पण पाणी बरोबर होतं. आणि खराब बॅटरी किंवा खराब अल्टरनेटर असता तर पावसातच आधी रडला असता. सगळं ओलं, रात्री आठपर्यंत दिवे लावून चिखलणी, वर रोटाव्हेटर. तेव्हा बॅटरी ठणठणीत राहते आणि कोरड्या एप्रिलमध्ये मरते, तर फरक हवेत नसून कामात असला पाहिजे.

चिखलणीत ट्रॅक्टर सकाळी एकदा सुरू होतो. रोटाव्हेटरला पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) पूर्ण वेगाने फिरायला हवा, म्हणून हातरेस वर ओढून इंजिन तासन्‌तास दीड हजार आरपीएमच्या वर धावत असतं. आंब्याचं काम याच्या अगदी उलट. कातळावरच्या बागेत ट्रॉली घेऊन एका कलमाकडून दुसऱ्याकडे सरकायचं, घळीने (जाळी लावलेल्या काठीने) आंबे उतरेपर्यंत डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं, पुन्हा सेल्फ मारायचा, वीस-तीस पावलं पुढे जायचं. क्रेटमधले आंबे चेचू नयेत म्हणून पहिल्या गिअरमध्ये, जेमतेम आयडलच्या (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगाच्या) वर. संध्याकाळी वाशीला जाणारा टेम्पो यायच्या आत पेट्या भरायच्या असतात, आणि पॅकिंगच्या शेडमध्ये वीज गेली की ट्रॅक्टर आयडलला ठेवून त्याच्याच दिव्यांच्या उजेडात भरणी चालते.

याचा हिशेब मी वहीच्या पाठीवर मांडला. सेल्फ 300 अँपियरच्या आसपास ओढतो. चार सेकंद मारला तर 1200 अँपियर-सेकंद, म्हणजे एक तृतीयांश अँपियर-तास. दिवसाला वीस वेळा म्हटलं तर साडेसहा-सात अँपियर-तास. दोन हेडलाइट, मागचा कामाचा दिवा, टेललाइट मिळून 150 वॅट धरले तर 12 अँपियरच्या वर. दीड तासात अठरा-एकोणीस. एकूण रोजचे पंचवीस अँपियर-तास. बॅटरी 88 अँपियर-तासांची. काहीच परत भरलं जात नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ उचलणार नाही. चालकाला विचारलं, बाहेरून चार्ज करून आणल्यावर किती दिवस जातो? "तीन दिवस. कधी चार." म्हणजे आंब्याच्या दिवसांत चार्जिंग कमी होत नव्हतं, जवळजवळ होतच नव्हतं. आणि हाच अल्टरनेटर जूनमध्ये व्यवस्थित भरत होता.

मीटर लावल्यावर

आधी बॅटरी रात्रभर बाहेरून चार्ज करून घेतली, कारण उपाशी बॅटरीवर घेतलेली कुठलीच मोजणी विश्वासाची नसते. चार्जर काढून काही तास तशीच ठेवली, मग 12.6 व्होल्ट. सेल्फ मारताना 10.1 पर्यंत उतरली. 9.6 च्या खाली गेली असती तर तिच्यावर संशय घेतला असता. हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) एक घर इतरांपेक्षा थोडं खाली दाखवलं, बाकी ठीक. ही बॅटरी थकलेली होती, मेलेली नव्हती.

चावी बंद असताना कुठे करंट गळतो का, तेही पाहिलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे अँपमीटर घातला, जवळजवळ शून्य. (ही मोजणी करताना कुणी सवयीने सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच, म्हणून चावी खिशात ठेवावी.) अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बोटाने दाबून पाहिला, दहा-बारा मिलिमीटर दबत होता, कडा चकचकीत झालेल्या नव्हत्या. पट्ट्याची गोष्ट इथेच संपली.

मग गिअर न्यूट्रलला, ट्रॅक्टर सुरू, मीटर थेट बॅटरीच्या दांड्यांवर. आयडलला 12.4. दिवे लावले, 12.0, आणि आकडा हळूहळू खाली. अल्टरनेटर फिरतोय पण काही देत नाही. आता हातरेस सावकाश वर. ट्रॅक्टरचं स्वतःचं मीटर केव्हाच बंद पडलेलं, म्हणून पुलीला चकाकणारी पट्टी चिकटवून हातातला टॅकोमीटर धरला. हजार, काही नाही. बाराशे, काही नाही. 1400 ओलांडलं आणि बॅटरीवरचा आकडा एकदम उडी मारून 13.3 वर. मग रेस कमी करत पुन्हा आयडलला आणलं, तर चार्जिंग तसंच चालू. इंजिन बंद करून परत सुरू केलं, पुन्हा 12.4 आणि पुन्हा 1400 पर्यंत शांतता.

अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) गेलेला असता तर रेस वाढवूनही पूर्ण चार्जिंग आलं नसतं, किंवा आकडा वरखाली नाचला असता. एकदा जागा झाला की आयडललाही काम करणारा अल्टरनेटर बिघडलेला नसतो, त्याला फक्त जागं कुणी करत नाहीये.

जागं करण्याचं हे काम समजून घ्यायला हवं. जुन्या डायनामोत पोलशूजच्या (आतल्या स्थिर) लोखंडात थोडं चुंबकत्व कायम उरलेलं असतं, त्या जोरावर तो स्वतःच उठतो. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये (आतल्या फिरत्या भागात) ते फार कमी. म्हणून चावी लावल्याबरोबर बॅटरीतून रोटरला थोडा करंट द्यावा लागतो, तो डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून जातो. बागेच्या व्यवहारात विसार दिल्याशिवाय बोली पक्की होत नाही, तसा हा विसार. एकदा अल्टरनेटर उठला की रोटरचा खर्च तो स्वतःच भागवतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. चार्जिंगचा दिवा नुसता सांगणारा नाही, करणाराही आहे. 12 व्होल्ट, 2.2 वॅटचा साधा बल्ब 0.18 अँपियर पुढे जाऊ देतो आणि तेवढ्याने अल्टरनेटर आयडलच्या थोडं वरच उठतो. तेवढा करंट मिळाला नाही तर रोटरमधल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर, बराच वेग आल्यावर तो कसाबसा उठतो. इथे तो वेग 1400 ला येत होता. चिखलणीत रोज ओलांडला जाणारा आणि आंब्यात कधीच न गाठला जाणारा.

डॅशबोर्डचं झाकण काढलं तर बल्बच्या जागी एलईडी. कधीतरी बल्ब गेला, कुणीतरी उन्हातही नीट दिसेल म्हणून चांगल्या मनाने एलईडी बसवला. दिवा पेटायचा, विझायचा, सगळं बरोबर दिसायचं. पण एलईडीतून जाणारा करंट 0.02 अँपियर, बल्बच्या नवव्या हिश्श्याएवढा.

खात्रीसाठी एक साधी गोष्ट केली. इंजिन बंद, चावी चालू, स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ धरलं. ओढ जाणवलीच नाही. मग चावीनंतरच्या प्लसमधून साधा 2.2 वॅटचा बल्ब अल्टरनेटरच्या बारीक टर्मिनलला जोडला. या टर्मिनलवर कुठे ‘डी प्लस’ लिहिलेलं असतं, कुठे ‘डब्ल्यूएल’, कुठे ‘आयएनडी’. आता स्क्रूड्रायव्हर नटाकडे ओढला गेला. इंजिन सुरू करून रेस जराशी वर नेली, 900 ला बल्ब विझला आणि बॅटरीवर 13.4.

दिवा पेटलेला दिसत होता, मग कुणी बोललं का नाही?

माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ इथेच आहे. मी चालकाला विचारलं, बागेत लाल दिवा चालूच असायचा ना? तो म्हणाला, "असतलोच. आयडलला पेटता, रेस दिली की जाता. पयल्यापासून तसाच हा."

पहिल्यापासून म्हणजे डायनामोच्या काळापासून. या ट्रॅक्टरवर मुळात डायनामो आणि कटआऊटचा (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) डबा होता. डायनामो आयडलला चार्ज करत नाही. त्याचा व्होल्टेज बॅटरीच्या खाली गेला की कटआऊट सुटतो आणि लाल दिवा लागतो, तसं झालंच पाहिजे, नाहीतर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होईल. ज्याने पंचवीस वर्षं डायनामो चालवला त्याला आयडलला पेटलेला दिवा ही निरोगीपणाची खूण वाटणारच. अल्टरनेटर बसवणाऱ्याने यंत्र बदललं, पण दिव्याचा अर्थ बदललाय हे चालकाला सांगितलं नाही. मालक, चालक, गावातला फिटर, कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही, कारण त्यांच्या अनुभवाप्रमाणे दिवा बरोबरच वागत होता.

डायनामोची आणखी एक सवय आमच्या भागात अजून जिवंत आहे, ती मोडायलाच हवी. ट्रॅक्टर चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची, ट्रॅक्टरचे दिवे चालू राहिले की चार्जिंग ठीक. अल्टरनेटरवर असं केलं की बॅटरीचा आधार जाताच व्होल्टेज उसळतो आणि रेग्युलेटर किंवा डायोड जागेवर जाऊ शकतात. इथला पहिला अल्टरनेटर कशाने गेला हे आता सिद्ध करता येणार नाही, पण "वायर काढून बघितली, दिवे गेले" हे वाक्य मी त्या घरात ऐकलं. ट्रॉलीचा हूक ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करून घेणाऱ्यांनीही आधी बॅटरीची निगेटिव्ह आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडून ठेवाव्यात.

गावातल्या फिटरने एक उपाय सुचवला होता: बारीक टर्मिनलला बॅटरीतून थेट प्लस द्या, दिव्याची भानगडच नको. चार्जिंग लगेच आलं असतं, हे खरं. पण चावी बंद केल्यावरही रोटरमधून दोन-तीन अँपियर वाहत राहिले असते, आणि ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला की बॅटरी साफ.

हरवलेले 0.8 व्होल्ट

अल्टरनेटर उठला, पण बॅटरीवर 13.4 हे मला पटेना. दिवे लावून, रेस 1500 ला ठेवून, अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर त्याच्याच बॉडीच्या सापेक्ष मोजलं: 14.2. म्हणजे वाटेत 0.8 व्होल्ट हरवत होते. आता मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या प्लसवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर: 0.25. मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत: 0.55. दोन्हीकडे 0.2 च्या आत असायला हवं.

निगेटिव्हचं कारण डोळ्यांना दिसत होतं. बॅटरी पायदानाखाली, तिची अर्थिंगची पट्टी (निगेटिव्ह ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणारी) गिअरबॉक्सच्या रंगवलेल्या कानाला बोल्टने आवळलेली, आणि मधे तीन हंगामांचा चिखल, कातळाची तांबडी धूळ आणि समुद्राची हवा. इथून खाडी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. खारी हवा तांब्याच्या विणीत शिरते आणि पट्टी आतून हिरवी पडते. वरून नुसतं कळकट दिसतं, चाकूने कापल्यावर आत भुकटी. पाच फुटांच्या वायरीत निम्मे तंतू मेलेले असले तरी सातत्य तपासणारा मीटर ‘पीप’ करतोच, कारण एक तंतू जिवंत असला तरी त्याला पुरतं. म्हणून अर्थिंग तपासायचं ते करंट वाहत असताना, व्होल्टेजच्या घटीने. पीप ऐकून समाधान मानणाऱ्यांनी या किनाऱ्यावर बऱ्याच नव्या बॅटऱ्या विकल्या आहेत.

प्लसकडची घट जास्त मजेदार निघाली. अल्टरनेटर बसवणाऱ्याने डायनामोचा जुना कटआऊट डबा काढलाच नव्हता. जाड वायर त्या डब्याच्या ‘ए’ टर्मिनलला आणून, तिथूनच पुढे बॅटरीकडे नेली होती. डबा आतून रिकामा, फक्त जोडाचा खांब म्हणून उभा, आणि त्या खांबाचा पितळी स्क्रू गंजाने अर्धा खाल्लेला. तो डबा उतरवून ठेवला. मालकांनी तो फेकू दिला नाही, ‘ओरिजिनल आसा’ म्हणून माळ्यावर गेला.

अल्टरनेटर ते बॅटरी सरळ एक नवी जाड वायर, दोन्ही टोकांना थिंबल दाबून वर उष्णतेने आवळणारी नळी. नवी अर्थिंगची पट्टी, गिअरबॉक्सचा कान पॉलिश पेपरने चकचकीत लोखंडापर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून आवळली. ग्रीस आवळून झाल्यावर वरून फासलं. इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हला आणखी एक वायर दिली. कारखान्याची नाही, पण इथल्या हवेत ती मी नेहमी देतो. आता प्लसची घट 0.08, निगेटिव्हची 0.06, बॅटरीवर दिवे चालू असताना 14.0.

दिव्याच्या बाबतीत चालकाला एलईडीच हवा होता, तो उन्हात दिसतो हे त्याचं म्हणणं रास्त. म्हणून एलईडी ठेवला आणि त्याला समांतर 68 ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर डॅशबोर्डच्या मागे, पत्र्याला चिकटवून, वायरींपासून दूर बसवला. 12 व्होल्टला त्यातून साधारण 0.18 अँपियर जातो, जुन्या बल्बाएवढाच. इंजिन बंद आणि चावी चालू राहिली तर तो गरम होतो, म्हणून पाच वॅटचा. चार्जिंग सुरू झालं की दोन्ही टोकांना सारखा व्होल्टेज, त्यात काहीच जात नाही. बल्बापेक्षा हा मला आवडतो याचं कारण वेगळंच आहे: ट्रॅक्टरच्या हादऱ्याने बल्बची तार तुटते, दिवा गेला तर चार्जिंगही जातं, आणि न पेटणाऱ्या दिव्याची तक्रार करायला कुणी येत नाही. रेझिस्टरला तार नाही.

ज्यांच्याकडे अजून मूळ डायनामो आहे त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा सांगतो, कारण वरचं काहीच त्यांना लागू नाही. ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही वायरी डायनामोवरून काढा, दोन्ही टर्मिनल एका छोट्या तारेने एकत्र जोडा, मीटर त्या जोडापासून डायनामोच्या बॉडीला. रेस सावकाश वाढवा. आकडा न अडखळता चढत गेला तर डायनामो चांगला आहे, 20 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर, काहीच नाही तर आधी कार्बन ब्रश. डायनामो पास झाला तर दोष डब्यात किंवा वायरीत. एवढं न करता डबा बदलणारे खूप.

हंगामाच्या शेवटी

मे महिन्याच्या अखेरीला, पाऊस तोंडावर असताना, पुन्हा जाऊन मोजलं. दिवसभराच्या बागकामानंतर संध्याकाळी इंजिन बंद करून तासाभराने बॅटरी 12.6. सकाळीही तेवढीच. तिसरी बॅटरी घेतली गेली नाही, तेव्हा टाकून द्यायची ठरलेली दुसरीच अजून ट्रॅक्टरवर आहे. तिचं ते एक घर अजून मागेच आहे, 1.240 च्या पंगतीत 1.205. ती पुढचा उन्हाळा काढेल, त्यानंतरचं मी मालकांना लिहून दिलं नाही.

चालकाला एकच काम नवीन दिलं: सकाळी सुरू केल्यावर रेस किंचित वर नेऊन दिवा विझलेला बघायचा, आणि बागेत आयडलला पेटलेला दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा. उतारावर लावणं काही थांबलेलं नाही. त्याबद्दल मी बोललो नाही, कारण सेल्फचं काम अजून बाकी आहे. त्याची जाड केबल दोन ठिकाणी ताणून जोडलेली, सॉलेनॉइडचे तांब्याचे काँटॅक्ट खड्डे पडलेले. चिखलणी उरकली की ऑगस्टमध्ये तो उतरवायचा ठरलं आहे.